फोन जरा खाली घ्या

ती उभी राहिली तेव्हा फोन माझ्या हातात होता आणि मी फोनकडे बघत नव्हते. एप्रिल महिना, दुपारचे सव्वाचार. सकाळी वेचलेल्या काजूच्या बोंडूंची टोपली तशीच कोपऱ्यात पडलेली, त्यामुळे ओसरीभर तो गोड-आंबूस वास. पावणेतीन वर्षांची आमची बाय सोप्याला, म्हणजे ओसरीवरच्या बसायच्या कट्ट्याला, धरून उभी होती आणि पलीकडून तिची आजी एक लालबुंद बोंडू नाचवत होती. बाय एक हात सोडते हे आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी तिनं दुसराही सोडला. दोन्ही हात बोंडूकडे, पाय लटपटताहेत, तोंडाचा आ झालेला, आणि कशाचाही आधार नाही. मी मनातल्या मनात मोजलं, एक, दोन, तीन. चार म्हणायच्या आत ती आजीच्या मांडीवर कोसळली, बोंडू फुटला, रस दोघींच्या अंगावर. आम्ही तिघी एकदम ओरडलो. फोनमधून आवाज आला, "काय झालं? मला नुसती जमीन दिसतेय."

हात कधी खाली आला ते मला कळलंच नव्हतं. माझ्या ओसरीची लाल सिमेंटची जमीन आणि आजीच्या लुगड्याचा काठ, एवढंच फोनच्या पलीकडं मडगावला पोचलं. मग बायच्या आईनं तिला सहा-सात वेळा पुन्हा उभं केलं. दुसरा बोंडू आणला, गूळ आणला, माझ्या चष्म्याची पेटीसुद्धा पुढं केली. बाय काही हात सोडीना. शेवटी भोकाड पसरलं. फोनमधल्या व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या, "असू दे. तुम्ही बघितलंत ना, पुष्कळ झालं." फोन बंद झाल्यावर आई गाऊनच्या बाहीनं मुलीचं तोंड पुसत होती. पुसता पुसता तिनं सहज विचारलं, "बाई, मग मॅडमच्या वहीत आज काय लिहितील?"

बोंडूचा डाग कपड्यावर पडला की कितीही धुवा, जात नाही. तो प्रश्न तसा राहिलाय.

या सगळ्यात माझं काम फोन धरण्याचं. आमचा गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्याही पुढं. पावसाळ्यात चोर्ल्याचा डोंगर चार-चार दिवस ढगात गडप होतो, तसली जागा. गावात रेंज मिळते ती तीन ठिकाणी: देवळाच्या पायरीवर, पंचाच्या गच्चीवर आणि माझ्या ओसरीच्या उगवतीच्या कोपऱ्यात. पंचाच्या गच्चीला कठडा नाही, आणि देवळाच्या पायरीवर मुलीचे व्यायाम घ्यायचे म्हणजे सगळा गाव बघायला. म्हणून माझं घर. मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता चिऱ्याच्या बेचाळीस पायऱ्या चढून आई बायला कडेवर घेऊन येते. मागून आजी, आजीच्या हातात पिशवी. पिशवीत टाच खाली धरून ठेवणारे पट्ट्यांचे प्लास्टिकचे बूट, खोबरेलाची बाटली, टॉवेल आणि काहीतरी खाऊ. सुरुवातीला आम्ही फोन तांब्याला टेकवून ठेवायचो. बाय जराशी सरकली की पडद्यातून गायब. मग तांब्याच्या जागी नारळ आला, नारळाच्या जागी माझ्या जुन्या पुस्तकांची चळत, आणि शेवटी मी. आईचे दोन्ही हात मुलीवर, आजीचे खेळण्यावर, रिकामे तेवढे माझे. निवृत्त प्राथमिक शिक्षिकेला याहून मोठी पात्रता लागली नाही.

"फोन जरा खाली घ्या, बाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता स्वप्नातही ऐकू येतं. मॅडमना मी प्रत्यक्ष अजून भेटलेले नाही. फिजिओथेरपिस्ट आहेत, मडगावच्या. बोलतात मराठी, पण शरीराचे अवयव त्यांच्या तोंडून कोकणीच येतात. बायच्या आईचं माहेर चंदगडचं. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "दिंबी घट्ट धर," तर ही बावरून पिशवीत डबी शोधायला लागली. दिंबी म्हणजे गुडघा हे सांगायला मी होते, म्हणून निभावलं. मग माझी शिकवणी सुरू झाली. फोन आडवा. जमिनीपासून हातभर उंचीवर, म्हणजे मीही जमिनीवरच. मूल समोरून नको, कडेनं दिसलं पाहिजे, डोक्यापासून टाचेपर्यंत. दाराकडे पाठ करून तिला उभं करायचं नाही, कारण मागून उजेड आला की मडगावला नुसती काळी सावली दिसते. चौतीस वर्षं मी मुलांची तोंडं बघितली, अक्षरं बघितली, नखं बघितली, डोक्यातल्या उवासुद्धा बघितल्या. टाच म्हणून काही बघायची असते हे साठी ओलांडल्यावर कळलं. आता कुणाच्या लग्नाला गेले तरी माझं लक्ष नवरीच्या दागिन्यांआधी पाहुण्यांच्या पायांकडे जातं.

बायच्या टाचा जमिनीला लागत नाहीत. पोटऱ्या ताठ, पाय कायम चवड्यावर. मॅडमनी एकदा नीट समजावलं होतं. मेंदूला जी इजा जन्माच्या आसपास झाली ती वाढत नाही. हाडं मात्र वाढतात, आणि ताठरलेला स्नायू हाडाबरोबर तेवढ्या वेगानं वाढत नाही. काहीच केलं नाही तर वर्षागणिक पाय आवळत जातो. 'सेरेब्रल पाल्सी' हे नाव आईला पाठ आहे, कागदांवर सगळीकडे तेच. आजी म्हणते, "शिरा आखडल्या." मॅडमनी आजीला कधी दुरुस्त केलं नाही.

मागची कहाणी थोडक्यात सांगते, कारण ती मोठी करण्यासारखी नाही. बाय बत्तिसाव्या आठवड्यात आली, गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, काचेच्या पेटीत राहिली, घरी आली. वर्ष उलटलं तरी बसेना. एका डॉक्टरांनी "लवकर जन्मलेली मुलं सगळंच उशिरा करतात, थांबा" असं सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. दोन महिने आधी जन्मलेल्या मुलाचं वय धरताना ते दोन महिने वजा करायचेच असतात. पण वजा दोनच करायचे, आणि थांबण्यात गेले आठ. अंगणवाडीतल्या बाई मात्र हट्टी. निरोगी मुलं साधारण अठरा महिन्यांच्या आत एकटी चालायला लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि बाय तर सरपटतसुद्धा नव्हती. २०१३ पासून मुलांच्या तपासणीची जी सरकारी योजना आहे तिचं पथक गावात आलं तेव्हा त्यांनी बायला सर्वांत पुढं नेऊन बसवलं. तिथून बांबोळी. गाव ते वाळपई एक बस, वाळपई ते पणजी दुसरी, पणजी ते बांबोळी तिसरी. थेरपी पाऊण तास, तिच्यासाठी सगळा दिवस. पोचेपर्यंत मूल एकतर झोपलेलं, नाहीतर रडून लाल झालेलं. बाप पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला, त्याची रजा किती खर्च करायची? आठवड्याची फेरी पंधरवड्यावर गेली, पंधरवड्याची महिन्यावर. मग कुणीतरी मडगावच्या मॅडमचा नंबर दिला. त्या फोनवर शिकवतात म्हणून.

खरं सांगायचं तर मला या फोनचा रागच होता. २०२० साली टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्चला, डॉक्टरांनी दुरून रुग्ण कसे तपासावेत याचे नियम देशात जाहीर झाले, असं मॅडम सांगतात. आम्ही शिक्षक त्या वर्षी आपापल्या अकलेनं शिकवत होतो. सत्तरीतली, सांग्यातली मुलं रेंजसाठी डोंगरावर चढून बसायची. माझं नोकरीचं शेवटचं वर्ष, आणि वाट्याला आली होती पहिली. पहिलीच्या मुलाला अक्षर सांगून येत नाही. मागून वाकून त्याचा हात आपल्या हातात घ्यायचा, पेन्सिलीवर त्याची बोटं आणि त्याच्या बोटांवर आपली, आणि मग दोघांनी मिळून गिरवायचं. त्या वर्षी मला फोटो यायचे. पानभर 'अ'. दिसायला चांगले. पण 'अ' कुठून सुरू केला आणि कुठं संपवला ते फोटोत कळत नाही. उलट्या बाजूनं ओढलेला 'अ'ही फोटोत सुलटाच दिसतो. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले ती मनाशी ठरवूनच, की तारेतून सगळं जाईल, हात जाणार नाही.

म्हणून पहिल्या एक-दोन खेपांना मी मॅडमच्या चुका काढायला टपून बसले होते. हात नसताना ही बाई काय शिकवणार? चित्र पुढं, आवाज मागं. त्यांचं "आता सोड" हे शब्द इथं पोचेपर्यंत बाय पडून उठूनही झालेली असायची. तिसऱ्या खेपेला त्यांनी मोजणं थांबवलं. आईला म्हणाल्या, "तूच मोज, मोठ्यानं. मी तुझ्या मागून येते." बारीकशी गोष्ट, पण आईचा आवाज त्या दिवसापासून बदलला. आधी ती कुजबुजल्यासारखं मोजायची, आता खालच्या वाड्यात ऐकू जातं. एकदा मी विचारलंच, तुम्हाला हात लावता येत नाही त्याचं काही वाटत नाही? मॅडम हसल्या. "वाटतं ना. हात शिवशिवतात. पण मी तिथं असते तर मीच केलं असतं, आणि ही भिंतीला टेकून बघत बसली असती." हे त्या स्वतःची समजूत घालायला म्हणाल्या की खरंच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

आणखी एक गंमत, शाळेत राहिलेल्या माणसालाच कळेल अशी. १९९७ साली कॅनडात या मुलांच्या हालचालींची एक मोजपट्टी तयार झाली, तीत पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीचं मूल चालतं, धावतंही. पाचव्या पायरीच्या मुलाला मान धरणंसुद्धा अवघड. मॅडम म्हणाल्या, बाय बहुतेक तिसरीत. म्हणजे पुढं वॉकर किंवा काठी धरून चालेल अशी. आईचा चेहरा उजळला. "म्हणजे यंदा तिसरी, आणि नीट केलं तर पुढच्या वर्षी चौथी?" फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. रेंज गेली असं वाटलं, पण गेली नव्हती. मग मॅडमनी सावकाश सांगितलं, की इथं वरचा वर्ग म्हणजे जास्त अडचण, आणि बहुतेक मुलं आयुष्यभर आपल्याच पायरीवर राहतात. आपण करतो ते पायरी बदलायला नाही, त्या पायरीवर जेवढं जमू शकतं ते सगळं जमावं म्हणून. आईनं "हां" म्हटलं. पायऱ्या उतरून जाताना मात्र मला म्हणाली, "बाई, नापास तरी करत नाहीत ना यात?"

व्यायाम म्हणून ज्या गोष्टी आम्ही करतो त्या बघून कुणाला व्यायाम वाटणार नाही. जमिनीवर काजूच्या बिया पसरायच्या. बाय बुटक्या पाटावर बसलेली. तिनं वाकून एक बी उचलायची, उभं राहून सोप्यावरच्या डब्यात टाकायची, पुन्हा बसायचं. वीस बिया. कधी सोप्याच्या कडेनं खेकड्यासारखं आडवं चालायचं, कारण टोकाला मांजर झोपलेलं असतं. आजीला हे पटत नव्हतं. तिच्या लेखी इलाज म्हणजे तेल लावणं, चोळणं, पाय धरून ओढणं. मॅडमचं म्हणणं, नुसतं ओढून फारसा फरक पडत नाही हे आता अभ्यासातून दिसतंय, मुलानं स्वतःला हवं ते मिळवायला केलेली धडपड जास्त उपयोगी. आजी दुखावली. फोनला पाठ करून पुटपुटली, "आमचीं भुरगीं कशीं चललीं तर?" म्हणजे, मग आमची मुलं कशी चालली? तेही मॅडमना ऐकू गेलं. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, आजी, तुम्ही तिला तेल लावता ते एकदा दाखवा.

आजी जमिनीवर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, दोन्ही पाय लांब सोडले, जशा पिढ्यान्‌पिढ्या बायका मुलांना न्हाऊ घालताना बसल्या. त्या जुळवलेल्या नडग्यांवर तिनं बायला घोड्यावर बसवावं तशी बसवली, एक पाय इकडं, एक तिकडं. आणि शिगम्यातल्या घोडेमोडणीच्या ढोलासारखा "धम धम" आवाज तोंडानं काढत पाय किंचित हलवायला लागली. बाय खदाखदा हसत होती. मी फोन खाली नेला, न सांगता. मॅडम म्हणाल्या, "हलू नका. तसंच." मग मलाही दिसलं. आजीच्या पायांमुळं बायच्या एरवी कात्रीसारख्या एकमेकींवर चढणाऱ्या मांड्या अलगद फाकल्या होत्या, आणि दोन्ही पावलं आजीच्या दोन बाजूंना जमिनीवर जवळजवळ सपाट टेकली होती. मॅडमकडे याच कामासाठी एक गोल लांब गादी असते म्हणे. "आजी, माझ्या गादीला ढोल वाजवता येत नाही," त्या म्हणाल्या. आजीनं वर बघितलं नाही, पण पुढच्या खेपेपासून वेळेच्या आधी येऊन पाय पसरून बसायला लागली. तेल चालू राहिलं. तेलानं नुकसान काही नाही, आणि आजीच्या हातांनाही काम हवं.

माझी एक आत्या होती. पोलिओ झालेली. आता हा शब्द नव्या आयांना ऐकूनच ठाऊक, निसर्गातल्या मूळ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण २०११ सालचा. आत्याचे दोन्ही पाय वाळल्या शेंगेसारखे, ती लाकडी पाटावर बसून हातांनी रेटत घरभर फिरायची. स्वयंपाकघर ते मागचं दार, मागचं दार ते तुळस. ती इतकी वर्षं त्याच वाटेनं सरकली की तेवढा पट्टा बाकीच्या जमिनीपेक्षा गुळगुळीत झाला होता, संध्याकाळचं ऊन आलं की चकाकायचा. आम्ही मुलं त्यावरून घसरगुंडी खेळायचो. तिला कधी कुठं दाखवलं का, हे मी वडलांना एकदा विचारलं होतं, मोठी झाल्यावर. ते म्हणाले, "दाखवणार कुठं? आणि नेणार कोण?" यात दुष्टपणा नव्हता. ती घरात लाडकीच होती, पानात पहिली वाढायचे तिला. फक्त तिच्या पायांकडे कुणी बघत नव्हतं. उभं राहून काही उचलावं असं तिला कधी वाटलं असेल का, हा विचार मला बायला बिया उचलताना बघून पहिल्यांदा आला, आणि तेव्हा आत्या जाऊन वीस वर्षं झाली होती.

थेट फोन लागत नाही त्या दिवशी मी नुसतं चित्रण करते आणि रात्री रेंज आली की पाठवून देते. एकदा मॅडम म्हणाल्या, हे मला पाठवायच्या आधी आईला दाखवा, आणि तिला काय दिसलं ते मला सांगा. हे त्यांनी आपल्याकडच्याच एका कामावरून उचललं होतं. पर्वरीच्या 'संगाथ' या संस्थेनं स्वमग्न मुलांच्या आईबापांबरोबर असं करून पाहिलं होतं, गोवा आणि रावळपिंडी मिळून ६५ मुलं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. घरी जाणारे कार्यकर्ते मोठे तज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेले होते. आईचं मुलाशी खेळणं टिपायचं आणि तिच्याबरोबर बसून पुन्हा बघायचं. तिथला आजार वेगळा, पण युक्ती तीच. तर मी बायच्या आईला दाखवलं. दोन मिनिटांचं चित्रण. तिनं ते तीनदा बघितलं. पहिल्यांदा म्हणाली, "मी एवढी जाड दिसते?" दुसऱ्यांदा गप्प. तिसऱ्यांदा बोट लावून थांबवलं. "बाई, हे बघा. ती पडायच्या आधीच मी उचलते." खरंच होतं. बायचा तोल नुसता जायला लागला की आईचे हात काखेत. मी महिनोन्‌महिने फोन धरून बसले होते, मला ते दिसलं नव्हतं. मला माया दिसत होती.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, चला, प्रश्न सुटला, बसचे पैसे वाचले. उद्‌घाटनांच्या भाषणांत असंच ऐकू येतं, 'आता उपचार तुमच्या दारात'. दारात आले, पण करायचे कुणी? मॅडम आधी सांगायच्या, बिया दिवसातून पाच वेळा, बूट सहा तास, ओसरीवर चालणं तीन फेऱ्या. आई मान डोलवायची. मागच्या फेब्रुवारीत एका बुधवारी मी अचानक त्यांच्या घरी गेले, विरजण मागायला. बूट खुंटीला लटकत होते, आत कोळ्यानं बारीक जाळंही धरलं होतं. आजी तापानं फणफणलेली, बाप रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेला, त्यामुळं बायला रडू द्यायची सोय नाही, गॅस संपलेला, आई चूल फुंकत होती आणि बाय दाराशी बेडकासारखे पाय दुमडून बसलेली, हातात मोबाईलचं रिकामं खोकं. आईनं माझ्या नजरेमागून खुंटीकडे बघितलं. "मॅडमना सांगू नका हां, बाई."

मी सांगितलं नाही.

शुक्रवारी मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, बूट घालता ना? आई "हो" म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी फोन कुठं धरला होता ते मला चांगलं आठवतं. चेहरा दिसू नये एवढा खाली. फोन धरणं म्हणजे काय दाखवायचं तेवढंच ठरवणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं आणि आवडलं नाही. मॅडम म्हणाल्या, "नडगी दाखवा बघू जवळून." दाखवली. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "वळ नाही कुठं. बूट छान बसलेले दिसतात." सहा तास पट्ट्या आवळल्या की कातडीवर थोडी तरी खूण उठणार, एवढं आता मलाही कळतं. त्यांना कळलं नसेल? पुढच्या खेपेपासून पाच वेळांचं दोन वेळा झालं, तेही वेगळं काही करायचं नाही: सकाळची पेज उभ्यानं, सोप्याला टेकून. संध्याकाळी आजीच्या पायांचा घोडा. बूट बाय झोपल्यावर घालायचे, जमेल तितका वेळ. हे जमलं.

आणि काही गोष्टी फोनवर मुळीच जमत नाहीत. यातल्या काही मुलांचा मांडीचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकू लागतो, सुरुवातीला दुखतसुद्धा नाही, बाहेरून कळत नाही. त्याला एक्सरेच लागतो, सहा-बारा महिन्यांनी. मॅडम त्याबाबतीत ऐकत नाहीत. "मला तुमच्या फोनमधून हाड दिसत नाही," म्हणतात. म्हणजे तीन बस आहेतच. गेल्या वेळी मी त्यांच्याबरोबर गेले. एक्सरे बरा निघाला. येताना आई खिडकीला डोकं टेकून झोपली, बाय माझ्या मांडीवर, आणि साखळीपर्यंत मी तिची टाच मुठीत धरून बसले होते. फोनवर इतक्या वेळा बघितलेली टाच. गार होती, आणि वाटली होती त्यापेक्षा फार लहान.

एप्रिलनंतर बायनं पुन्हा दोन्ही हात सोडले नाहीत. मॅडम म्हणतात, एकदा जमलेलं परत येतं, वेळ घेतं. मी आता पडद्यातूनच बघते. त्यामुळं मला बाय अंगठ्याएवढी दिसते, बाहेर आईचा श्वास ऐकू येतो आणि आत मुलगी किंचित उशिरा हलते. शिस्त म्हणून ठीक आहे. सुख नाही.

मग पाऊस सुरू झाला. परवाच्या शुक्रवारी चार वाजता रेंज नव्हतीच, फोन सोप्यावर उपडा पडलेला. तरी त्या तिघी आल्या. बायचे पाय चिखलानं भरलेले, हल्ली ती पायऱ्यांचं शेवटचं वळण आईचे हात धरून स्वतः चढते. आईनं तिला ओसरीच्या कडेला उभं करून पागोळीखाली पाय धुतले आणि सोप्याला धरून सोडलं. बाय मांजराच्या दिशेनं आडवी चालत निघाली. लाल जमिनीवर ओले ठसे उमटत गेले. डावा पाय नेहमीसारखा: पाच बोटं, चवडा, बस. उजवाही तसाच, एकदा, दोनदा. तिसऱ्या ठशामागं, चवड्यापासून दोन बोटं सोडून, पाण्याची एक बारीक कोर होती. चतुर्थीच्या चंद्राएवढी. मी वाकले. गुडघे कुरकुरले. पुढच्या ठशात ती कोर नव्हती, त्याच्या पुढच्यात पुन्हा होती.

मला तोंड उघडायला उशीर झाला. मूल घसरेल म्हणून आई पाठोपाठ पोतेरं घेऊन पुसत येत होती, एका फटकाऱ्यात सगळं गेलं. माझ्याकडे बघून थबकली. "काय होतं, बाई?"

"टाच," मी म्हटलं. "उजवी."

ती पोतेरं तसंच हातात घेऊन पुसलेल्या जमिनीकडे बघत राहिली. मग तिनं बायला उचललं, ओसरीच्या कडेला नेलं आणि तिचा उजवा पाय पुन्हा पागोळीखाली धरला.